एका चाकाची वाट

४ मे
सकाळी ऊन, मग पाऊस, मग परत ऊन. इथे भेटेल त्याच्याशी बोलायला हा एकच विषय.

वृंदा सातला तिच्या हॉस्पिटलात गेली. जावई आठवडाभर लंडनला. मी घरात एकटी. येऊन तीन आठवडे झाले, ऑक्टोबरपर्यंत राहायचं आहे. लेकीचं घर, तक्रारीला जागा नाही.

गाव म्हणजे वीस-बावीस दगडी घरं, एक चर्च, एक दुकान, दिवसातून दोन बस. दुकान गावकरीच पाळीपाळीने सांभाळतात. रस्त्यावर माणूस दिसत नाही. वडनेरला सकाळी दार उघडलं की चार जण विचारतात, "बाई, च्या झाला का?" इथे दार उघडलं की मेंढ्या बघतात. त्याही लगेच मान फिरवतात.

दुकानात सडकेने जाते. वीस मिनिटं. वृं. म्हणते, "आई, समोरच्या शेतातून पायवाट आहे. सात मिनिटांत पोचशील." म्हटलं, उभ्या पिकातून मी जाणार नाही. कोणाचा का असेना, गहू आहे तो.

"अगं, इथे जातात सगळे."
सगळे जातात म्हणून मी आजवर काही केलेलं नाही.

(हे लिहिलं खरं.)

७ मे
दुकानातून येताना मागून ट्रॅक्टर आला. थांबला. वर एक म्हातारा, माझ्याच वयाचा असेल, सत्तरीला टेकलेला. लाल तोंड, कानटोपी. मि. पेल. तो गहू त्यांचाच. त्यांनी विचारलं, रोज सडकेने का जाता, वाट चिखलाची आहे का? मी माझ्या बी.ए.च्या इंग्रजीत सांगितलं, तुमचं पीक उभं आहे, त्यातून कशी जाऊ?

त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "बाई, पीक माझं आहे. वाट माझी नाही."

घरी येऊन चहा केला. साखर घालायची राहिली.

८ मे
गेले. गव्हाच्या मधोमध दीड हात रुंदीचा मोकळा पट्टा, दोरी लावून आखल्यासारखा. शेवटी कुंपण, आणि चढून उतरायला लाकडी पायऱ्या. साडी गुडघ्यापर्यंत उचलून चढले. आजूबाजूला मेंढ्यांशिवाय कोणी नाही असं वाटलं होतं, वळून पाहते तर मि. पेल. टोपी काढून दुसरीकडे बघत उभे. सभ्य गृहस्थ.

विचारलं, पेरताना एवढी जागा सोडता कशी? म्हणाले, सोडत नाही. वाट शेताच्या मधोमध, नांगर फिरवताना तीही नांगरली जाते. पेरणी झाली की नकाशा पाहून परत आखून द्यायची, कायदाच आहे. दरवर्षी.

"आवडतं तुम्हाला?"
"मुळीच नाही. लोकांची कुत्री, उघडी टाकलेली फाटकं. माझे आजोबाही शिव्या देतच आखायचे."

११ मे
वृं. हॉस्पिटलात, घर शांत. खिडकीतून ती वाट दिसते. आज दुपारभर पांदण आठवत बसले.

आमचं वावर आणि माझ्या धाकट्या दिरांचं, विठ्ठल भाऊजींचं वावर, यांच्या मधली वाट ती पांदण. एक बैलगाडी आणि तिच्या शेजारून चालणारं एक माणूस, एवढी रुंद. दोन्ही बाजूंनी बोरी. मध्ये एक निंब, त्याच्याखाली मटका. पांदण जिथे संपते तिथे जमिलाचं वावर.

जमिला आणि मी एकाच वर्षी वडनेरला नांदायला आलो. तिचा नवरा करीमभाई, तीन एकर. मी खामगावची, कॉलेज केलेली, कापूस फक्त वातींपुरता पाहिलेला. पहिल्या वेचणीला माझी बोटं रक्ताळली तेव्हा जमिला पोट धरून हसली होती. "सुमे, बी.ए. झाली अन् तुले बोंडातून कापूस काढता येत न्हाई! काय शिकवत व्हते वं तिथी?" मग तिनेच शिकवलं. पाच बोटं एकदम घालायची, पिळायचं नाही, उचलायचं. पाकळ्या बोंडालाच राहिल्या पाहिजेत. ते देशी झाड, उंच, बोंड लहान, पण कापूस कसा लख्ख.

संध्याकाळी दोघी पांदणीने परत. पदरात बोरं. ती बी थुंकायची लांब, मी मोजायची किती हात. मास्तरीण तेव्हापासूनच.

त्या बिया रुजून पांदणीत बोरी वाढल्या असतील, असं ती म्हणायची.

३१ मे
महादेवचा फोन. वीस वर्षं तोच माझी शेती पाहतो.
"बाई, वखरनी झाली. बियान्याची पाकिटं आनली. पांदनीतल्या आपल्या ओळी यंदा बी लावू का?"
"लाव."

फोन ठेवला. दोन सेकंदांत झालं. दरवर्षी असंच होतं.

आता लिहूनच टाकते. पांदण आज वावरात आहे. मी घेतली. हे गेले त्या वर्षी शेत माझ्या अंगावर आलं. मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापिका. नेमकं तेव्हाच बीटीचं नवं बियाणं गावात आलं. पहिली वर्षं कपाशी अशी आली की लोकांना उकिरड्याच्या जागेवरही सरकी टोबावीशी वाटायची. धुरे-बांध गेले. बोरी गेल्या. निंब गेला. महादेव म्हणाला, पांदण रिकामीच पडली हाय. म्हटलं, एक तास घे. एका ओळीने काय होतं! पुढच्या वर्षी आणखी एक. पलीकडून भाऊजींनीही सुरुवात केली, मी केलेलं पाहूनच. सहाव्या वर्षी दोन्हीकडची कपाशी एकमेकींना टेकली.

शाळेत भूगोलाचे तास घेत होते. वावरात पांदणीची तासं.

जमिलाचा माल तेव्हापासून नाल्यातून. डोक्यावर.

१७ जून
गावाच्या वाटा साफ करायचा दिवस. वर्षातून एकदा सगळे कात्र्या-विळे घेऊन निघतात. मीही गेले. वृं. म्हणाली, "तू कशाला, दमशील." दमले नाही. एका हिरव्या पाल्याला हात लावला तर तासभर आग. खाजकुयलीची सख्खी बहीण. एका बाईंनी दुसराच कसला पाला चोळून दिला. उतरली नाही, पण मी उतरली म्हटलं.

मि. पेलही आले होते, तोंड वाकडं करून. सर्वांत जास्त काम त्यांनीच केलं. मुलगा शहरात विमा विकतो, शेतीत येणार नाही. "माझ्यानंतर कोण आखेल कोणास ठाऊक," म्हणाले. गव्हाला भाव नाही, खत महाग, पाऊस भलत्या वेळी. ऐकताना वडनेरच्या पारावर बसल्यासारखं वाटलं. फक्त मध्ये मध्ये 'सॉरी' म्हणतात.

चहाला सगळे गावच्या हॉलमध्ये. भिंतीवर गावाचा नकाशा. पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी. लोक त्यापुढे उभे राहून भांडतात, पण रेघेवर बोट ठेवून. रेघ खोटी असं कोणी म्हणत नाही.

मी तिथून लवकर निघाले.

२ जुलै
जमिलाला फोन केला. वर्षातून एक-दोनदा करते, ईदला वगैरे. आज ईद नव्हती.

"बाई! कशा हा? तब्येत?"
"बरी आहे. पेरणी?"
"झाली. पानी बरा हाय. तिथी कसं हाय, इंग्रजाच्या गावात? बाया कपडे कुटी धुतात?"
"मशीनमध्ये."
"अन् मंग बोलतात कुटी?"

हसले. इथल्या बायका खरंच कुठे बोलतात हे मला अजून कळलेलं नाही.

मग तिने विचारलं, "वावरात जाले रस्ता हाय का त्याइले?"
सहज विचारलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.
"आहे," म्हटलं.
"अल्ला चांगलं करो."

तिच्या आवाजाला धाप लागते. खताची पोती नाल्यातून तिने आणि सुनेने नेली. घसरली होती म्हणे. "काही न्हाई, बाई, जरा गुडघा."

बाई. तुम्ही. आधी सुमे होते.

२१ जुलै
तीन दिवस पाऊस. बाहेर जाणं नाही. ती गोष्ट लिहायची टाळत होते. लिहिते.

करीमभाईंनी पांदणीसाठी अर्ज केला होता. तलाठी पाहणीला आला. नवा मुलगा, माझ्याच शाळेतला, माझ्याच हाताखाली भूगोल शिकलेला. पाया पडला. ओसरीवर नकाशा पसरला. पांदण त्यात स्पष्ट, दुहेरी रेघ. करीमभाई दारात उभे, आत आले नाहीत. जमिला त्यांच्या मागे.

मी नकाशावर बोट ठेवून म्हटलं, "जुन्या नकाशांत अशा चुका असतात. इथे वाट कधी नव्हती, लोक पायी जायचे इतकंच."

त्याने मान डोलावली. बाई सांगतात म्हणजे खरंच. नकाशा वाचायला मीच शिकवलेलं त्याला. चहा पिऊन गेला. अर्ज तिथेच संपला.

करीमभाई दारातूनच वळले. जमिला जाताना म्हणाली, "येतो, बाई." त्या दिवसापासून तिने मला तू म्हटलेलं नाही. पुढे करीमभाईही वारले.

मी कोणाला फसवलं नाही असं मला वर्षानुवर्षं वाटायचं, कारण कोणी रागावलं नाही.

१९ ऑगस्ट
मि. पेलची कापणी. यंत्राने एका दिवसात सगळं. संध्याकाळी त्यांनी बोलावलं, गहू दाखवायला. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये गव्हाची रास, माणसाच्या डोक्याच्या वर. दारातच माझे पाय थांबले आणि मी बूट काढले. विचार न करता. खळ्यात चपला घालून कोण जातं!

मि. पेल म्हणाले, "फरशी गार आहे. काय झालं?" सांगितलं, आमच्याकडे राशीपुढे पायात काही घालत नाहीत. तेही बूट काढायला गेले. खाली वाकवेना, गुडघे गेलेले. शेवटी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. दोघं तसेच, एक-दोन मिनिटं.

वडनेरला खळं कुठे उरलं आता. ज्वारी गेली तसं खळं गेलं. कापसाला खळं लागत नाही. मला शेवटचं खळं आठवतं त्यात जमिलाने राशीला हात लावून तोच हात माझ्या तोंडाला लावला होता. भुसा सगळा नाकात.

२० ऑगस्ट
महादेवला फोन.
"पांदणीतली आपली कपाशी काढून टाक. आपल्या बाजूची सगळी."
"काय?"
"ऐकू आलं ना?"
"बाई, पात्या-फुलं लागून राह्यले! उभं झाड उपटू? मांगच्या साली गुलाबी अळीनं कापसाची सारी कवडी झाली, यंदा जरा बरं दिसते, अन् तुमी... तब्येत बरी हाय ना? ताईले द्या बरं फोन."

दिला नाही. म्हणाला, "मायाच्यानं न्हाई होत, बाई. पाप लागते. तुमी या अन् तुमच्या हातानं उपटा."

रास्त बोलला. लावताना त्याचा हात होता, पण सांगणारी मी.

३ सप्टेंबर
भाऊजींचा फोन आला. महादेवने गावभर केलं असणार.
"वहिनी, तिकडची हवा डोक्यात गेली का?"
"तुम्हीही तुमच्या बाजूची सोडा."
"तुमीच शिकवलं आमाले, आता तुमीच म्हनता सोडा. काऊन?"
"काऊन ते आल्यावर सांगते," म्हटलं.
"पाहू," म्हणाले. भाऊजींच्या 'पाहू'ला मी चाळीस वर्षं ओळखते.

६ ऑक्टोबर
उद्या निघायचं. बॅग भरली. वृं. रडली, मी रडले नाही, पोळ्या करून ठेवल्या.

मि. पेलना भेटायला गेले. शेत नांगरून पडलेलं, सगळं काळंतपकिरी. वाट कुठेच नाही. "पेरणी झाली की आखतो," ते म्हणाले. मी म्हटलं, मला आज दुकानापर्यंत जायचं आहे. ते म्हणाले, मग जा की.

समोरचं चर्च आणि पाठीमागचं एक झाड, दोन्ही एका रेषेत धरून सरळ चालत गेले. ढेकळांत पाय मुरगळता मुरगळता वाचला. परत आले तेव्हा स्वतःच्याच बुटांचे ठसे दिसत होते. मि. पेल फाटकाशी उभे. म्हणाले, "बरोबर गेलात. माझं काम कमी केलंत."

हात हातात घेऊन निरोप. इथे नमस्कार चालत नाही असं नाही, पण त्यांनी हात पुढे केला.

या गावाची आठवण येईल असं वाटलं नव्हतं. मेंढ्यांचीसुद्धा येईल.

९ ऑक्टोबर. वडनेर
पोचले. नांदुऱ्याला गाडीतून उतरले आणि पहिल्या श्वासालाच नाकात घरची धूळ गेली. दार उघडलं, चार जणांनी विचारलं, "बाई, च्या झाला का?" डोळ्यांत पाणी आलं. धुळीने.

वावर पाहिलं. कपाशी कमरेच्या वर. बोंडं टच्च, काही फुटलेली. पांदण कुठे होती ते फक्त मला दिसतं.

११ ऑक्टोबर
पहाटे गेले. गावनकाशाची प्रत बरोबर, ट्रंकेत होतीच. निंबाचं खोड जमिनीलगत अजून आहे, तिथून नाल्यावरचा दगड एका रेषेत धरला. उपटायला सुरुवात केली. ओलं झाड, मूळ खोल, तळव्यांना फोड. महादेव बांधावर बसून बघत होता. "उभं पीक, बाई, उभं पीक," एवढंच. नऊला उठला आणि दुसऱ्या टोकाने उपटत आला. मध्यावर भेटलो. त्याने बोंडं तोडून पोत्यात भरली. "जमीन दिली, बोंडं तरी राहू द्या."

माझ्या बाजूची झाली. भाऊजींची कपाशी तशीच उभी, माझ्या रिकाम्या पट्ट्यावर वाकलेली.

१४ ऑक्टोबर
जमिलाकडे गेले. किती वर्षांनी. ती अंगणात तूर निवडत होती. उठली, गुडघ्यावर हात दाबून. खुर्ची दिली. सून पाणी घेऊन आली.

मी म्हटलं, "पांदण मोकळी केली. माझी बाजू."
"आयकलं."
"मी त्या दिवशी तलाठ्याला खोटं सांगितलं होतं."
"मालूम हाय, बाई. मी दारातच तर व्हती."

तिने सूप उचलून पाखडायला घेतलं. मग ती म्हणाली, "पर बैलगाडीले दोन चाकं राह्यतात. तुमी एका चाकाची वाट देली."
"भाऊजींशी बोलते आहे."
"बोला."
"तोवर पायी तरी ये. नाल्यातून नको."
"दोन्हीकून पीक उभं हाय. लोकाइच्या पिकातून मी न्हाई जात." सूप झटकलं. "आमाले कोनी आडवलं न्हाई कधी, बाई. आमीच न्हाई गेलो."

लोकांच्या पिकातून जात नाही, हे वाक्य मी मे महिन्यात एका इंग्रजाला ऐकवलं होतं. मान वर करून.

१५ ऑक्टोबर
भाऊजी. अर्धा तास. चहा दोनदा. "पाहू." या खेपेला सोबत एक वाक्य जास्त: "वेचनी झाल्यावर पाहू." कपाशी निघाली की गहू पेरतील, मग गव्हानंतर पाहू. मला माहीत आहे.

वृं.चा फोन. मि. पेलनी वाट आखली म्हणे. माझ्या ठशांपेक्षा हातभर डावीकडे. म्हणजे मी चुकलेच होते.

१६ ऑक्टोबर
आज एकटीच चालत गेले त्या पट्ट्यातून, जमिलाच्या धुऱ्यापर्यंत आणि परत. भाऊजींच्या बोंडांच्या टोकांनी साडी ओरबाडली. चार फेऱ्या. महादेव म्हणाला, "काय करून राह्यल्या?" म्हटलं, वाट करते आहे. "अशी होत असते का वाट!" म्हणाला. कशी होते, तेही त्याला सांगता आलं नाही.

जमिनीत जुन्या बोरीचा एक कोंब दिसला, बोटभर. महादेवला सांगितलं, त्याला विळा लावायचा नाही.

१७ ऑक्टोबर
उद्या जमिलाची पहिली वेचणी. संध्याकाळी चक्कीवर दिसली, पिठाचा डबा कमरेला. मी सरळ जाऊन म्हटलं, "उद्या सात वाजता मी निंबाच्या खोडापाशी थांबते. तुझ्या वेचणीला येते. पांदणीने जाऊ, दोघी. गाठोडं मी उचलीन."

"तुमी? गाठोडं?"
"अर्धं."

तिने डबा दुसऱ्या कमरेवर घेतला, चालायला लागली. चार पावलं गेल्यावर मागे न वळताच म्हणाली,
"काटे हायेत तिथी. चपला घालून..."

नेमका तेवढ्यात कापसाने भरलेला ट्रॅक्टर मधून गेला. 'ये' म्हणाली की 'या', ऐकू आलं नाही. मोठ्याने विचारणार होते. विचारलं नाही.

उद्यासाठी चपला दाराशी काढून ठेवल्या आहेत.